रेस्टिंग हार्ट रेट (शांत असताना मिनिटाला पडणारे हृदयाचे ठोके) म्हणे!
माणूस तोच, रात्र तीच, तरी मनगटावरच्या एका फिटनेस बँडवर ५२ आणि दुसऱ्यावर ६१! एक झोपेतले ठोके धरतो, दुसरा जागेपणी शांत बसल्यावरचे. मग कुठलं गणित लावलंय ते आकड्याशेजारी लिहायला काय होतं? लोक उगाच घाबरतात हो!

त्यात पट्टा सैल असला की हिरव्या दिव्याच्या सेन्सरखाली बाहेरचा उजेड शिरतो. हात गार पडले की त्वचेतला रक्तप्रवाहच कमी. गोंदणावर तर विचारूच नका. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर हवा, घट्ट पण न रुतणारा.

तरीही शंका आली तर सकाळी चहाआधी ५ मिनिटं शांत बसा आणि मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंदांची चौपट नको, एक ठोका चुकला की ४ चा फरक पडतो.