विश्वामित्रीकाठचे घर कसे दाखवावे

बडोद्यात जुने घर विकायला काढणाऱ्या गृहस्थाने सर्वप्रथम पंचांग उघडावे. पितृपक्षात कोणी फिरकत नाही आणि डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत गुजराती गिऱ्हाईक कमुरतांचे, म्हणजे शुभकार्याला वर्ज्य मानलेल्या दिवसांचे, कारण सांगून फोन उचलत नाही. परंतु या दोन्ही अडचणी किरकोळ होत. खरी अडचण जून ते सप्टेंबर ही आहे, कारण या चार महिन्यांत घर दाखवले असता मालकाने काय सांगावे हे मालकाच्या हाती राहत नाही, भिंतीच बोलू लागतात. म्हणून पहिली बोलावणी दिवाळी आटोपल्यावर करावी आणि ती हुकलीच तर थेट उत्तरायणाच्या दिवशी पतंग उडवण्याच्या निमित्ताने गिऱ्हाइकाला सहकुटुंब गच्चीवर न्यावे. तेथून लक्ष्मी विलास राजवाडा दिसत असल्यास उत्तम. दिसत नसल्यास एखाद्या दाट झाडाकडे बोट करून तो त्यामागेच आहे असे सांगावे. वर पतंगाकडे आणि दूर राजवाड्याकडे पाहणाऱ्या माणसाचे जोत्याकडे लक्ष जात नाही.

आता भिंतींकडे वळू. 31 जुलै 2019 रोजी या शहरात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची खूण मागे टाकून 35 फुटांच्याही वर मजल मारली, हे ठाऊक नसलेले गिऱ्हाईक बडोद्यात मिळणे कठीण आहे. परंतु ते पाणी आपल्या बैठकीत नेमके कोठवर उभे होते हे ठाऊक नसलेले गिऱ्हाईक मिळू शकते, आणि आपल्याला तेवढेच पुरेसे आहे. पुराची रेघ नुसत्या डिस्टेंपरने झाकत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. वीट पाणी शोषून वर ओढते, त्या पाण्याबरोबर क्षार चढतात, पाणी उडून जाते आणि मागे उरलेले क्षार रंगाला आतून ढकलून त्याचे पोपडे पाडतात. यालाच आपल्याकडे लोणा लागणे म्हणतात. गिलावा खरवडून काढणे, भिंत काही महिने उघडी ठेवून वाळू देणे आणि मग नवा गिलावा करणे हा यावरचा जाणत्या गवंड्याचा उपाय आहे. तो खर्चाचा आहे, वेळखाऊ आहे आणि त्यातला सर्वांत मोठा दोष असा की तो प्रामाणिक आहे.

त्याऐवजी जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंत प्लॅस्टिकची पॅनेले ठोकावीत. एकाच भिंतीला ठोकली तर गिऱ्हाईक कारण विचारते. साऱ्या खोल्यांतून ठोकली की त्याला इंटिरियर म्हणतात आणि किमतीत त्याचे वेगळे पैसे धरता येतात. अशा रीतीने कोंडलेली ओल भिंतीत मुरून बसत नाही, ती यथावकाश पॅनेलच्या वर डोके काढते, असा आक्षेप काही गवंडी घेतील. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. परंतु डोके काढायला तिला एखादा पावसाळा लागतो आणि आपण तोपर्यंत त्या घरात राहणार नाही, ही गोष्ट गवंडी लक्षात घेत नाहीत.

खुणा भिंतीवरच असतात असेही नाही. पुरानंतर आपण फ्रिजखाली विटांचा ओटा बांधला असेल, तो फोडून टाकावा. इन्व्हर्टर माळ्यावर चढवला असेल, तो खाली आणावा. विजेचे प्लग मात्र सहज खाली आणता येत नाहीत. ते छातीच्या उंचीवर का, असे कोणी विचारलेच तर घरात लहान मुले होती असे सांगावे, आणि मुले आता चाळिशीची आहेत हा तपशील गाळावा. जाहिरातीत ‘रिव्हर व्ह्यू’ हे शब्द निर्धास्तपणे घालावेत. नदी बैठकीत बसल्या बसल्या दिसते, हे विधान न्यायालयातही सिद्ध करता येईल. मगरींचा विषय आपण होऊन काढू नये. दुसऱ्याने काढल्यास त्या नदीत असतात असे उत्तर द्यावे, जे वर्षातील बहुतेक दिवस खरे असते.

यानंतर दलाल येऊन सांगेल की घरात माणसे राहतात असे दिसता कामा नये. त्याचे ऐकावे. गायकवाडी नोकरीत हयात घालवलेल्या पणजोबांचा पागोटेधारी फोटो उतरवावा आणि त्याच खिळ्याला राजा रविवर्म्याची छापील लक्ष्मी टांगावी. तिच्या चित्रकाराने सयाजीरावांसाठीही चित्रे काढली होती, तेव्हा दरबाराशी असलेला घराण्याचा संबंध तुटला असे वाटून घेण्याचे कारण नाही. माजघराला डायनिंग म्हणावे, कोठीच्या खोलीला स्टडी म्हणावे. भर दुपारी सगळे दिवे लावून ठेवावेत. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी टाकी काठोकाठ भरून घ्यावी आणि ते स्वयंपाकघरात शिरताच नळ सोडून तसाच वाहता ठेवावा, म्हणजे आजव्याचा अख्खा तलाव आपल्याच नावावर असल्याचा भास होतो.

स्वयंपाकघराविषयी आणखी एक सूचना आहे. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या रविवारी मटण शिजले, त्यांनी आधीचे दोन रविवार कडक उपास धरावा, सोड्यांचा डबा बहिणीकडे पोचवावा आणि कापूर जाळावा. ‘तमे लोको वेज के नॉनवेज?’ हा प्रश्न येतोच येतो. त्यावर ‘आमच्याकडे माळ आहे’ असे नम्रपणे सांगावे. ती गळ्यात आहे की फोटोला, हे सभ्य माणूस विचारत नाही.

घर हिंडून पाहणाऱ्या पुरुषावर वेळ फुकट घालवू नये. गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के पडते आणि त्यावर नोंदणी फी 1 टक्का. खरेदीदार स्त्री असेल तर ही नोंदणी फी माफ असते. म्हणजे दस्त बाईंच्या नावाने होणार हे ठरलेलेच असते, आणि साहेब छताची उंची मोजून रेराविषयी व्याख्यान देत असता त्या कपाटामागे वाकून कशाचा वास घेत आहेत, तिकडे लक्ष ठेवणे श्रेयस्कर होय. कापराची दुसरी वडी त्या कपाटामागेच ठेवावी.

एवढे सगळे करूनही घात होतो तो घरातल्या वृद्धांमुळे. वृद्ध माणसे किंमत कमी व्हावी म्हणून बोलत नाहीत. त्यांना नवे माणूस भेटल्याचा आनंद झालेला असतो, इतकेच. बाईंनी आपल्या परीने चौकशी करावी, ‘काय हो आजी, पाणी येतं ना नीट?’ आणि आजींनी हात धरून त्यांना कोचावर बसवत म्हणावे, ‘येतं ना, बाई. सकाळी नळाला येतं आणि श्रावणात दारातून. तुम्ही बसलात ना, तो कोच तरंगत पार जिन्यापाशी गेला होता.’ यानंतर पॅनेलांचे सौंदर्य समजावून सांगण्यात अर्थ उरत नाही. म्हणून घर दाखवण्याच्या दिवशी आजींना मुलीकडे चार दिवस हवापालटासाठी धाडावे. शेजाऱ्यांना मात्र कोठे धाडता येत नाही. त्यांना पेढे द्यावेत, आणि त्यांच्या मेव्हण्याला हेच घर स्वस्तात हवे असेल तर पेढ्यांनीही भागत नाही.

राहता राहिला कायदा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, खरेदीदाराला साध्या काळजीने न सापडणारा परंतु विक्रेत्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगणे आवश्यक आहे, आणि न सांगणे ही फसवणूक ठरते. सद्‌गृहस्थांनी या कलमाने घाबरून जाऊ नये. त्याच कलमाच्या आरंभी ‘उलट करार नसेल तर’ अशा अर्थाची सोय आहे, आणि तिचा आधार घेऊन वकील बानाखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, एक वाक्य घालतो की, खरेदीदाराने सदर मालमत्ता प्रत्यक्ष पाहून, तपासून, ती जशी आहे तशी पसंत केली आहे. आपण सहा महिने खपून ती जशी नाही तशी केलेली असते. तरी हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवताना आवाज कापू देऊ नये. ते न्यायालयात कितपत टिकेल याची काळजी नंतर करता येते. गिऱ्हाईकही फारसे न वाचता सही करील, आणि सही करून झाल्यावर त्याने हळूच आपल्या पॅनेलवाल्याचा नंबर मागितला, तर तो मोकळ्या मनाने द्यावा. त्या गिऱ्हाइकाचे नदीकाठच्या समा भागातले तळमजल्याचे घर अजून विकायचे आहे.