कागदोपत्री मी कुणीच नाही

तर झालं असं की मी फक्त वडा खायला गेलो होतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाची वार्षिक सर्वसाधारण सभा होती, मेसेजच्या तळाशी "सभेनंतर अल्पोपहार" असं लिहिलेलं, आणि मी नेमका त्या शनिवारी पुण्याहून गावी आईकडे आलेलो. म्हटलं जाऊन येऊ, कँटीनचा वडा खाऊ, केमिस्ट्री लॅबच्या मागचं चिंचेचं झाड अजून आहे का बघू. सभेला कोरम, म्हणजे निदान लागतात तेवढी माणसं, नव्हता. म्हणून सभा अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर त्याच माणसांनी परत सुरू केली (कोरम नसला की असं चालतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आता झोपेतही सांगेन). एकूण माणसं अकरा. त्यातले नऊ कार्यकारिणीतले, दहावे अध्यक्षांना गाडीतून घेऊन आलेले त्यांचे जावई, आणि अकरावा मी.

सभा संपली, वडा आला, आणि वडा हातात असताना मी एक वाक्य बोललो. "काही मदत लागली तर सांगा हं."

आता हे वाक्य म्हणजे "या एकदा घरी" सारखं असतं हो, कुणी खरंच येत नाही. पण इथे सगळ्यांचे घास थांबले. अध्यक्ष, जे बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेत, त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "सभा अजून संपलेली नाही. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय." सूचक झाले, अनुमोदक झाले, टाळ्या पडल्या, जावईबापूंनी पण वाजवल्या. मी सचिव झालो. चिंचेचं झाड बघायचं राहूनच गेलं.

पहिल्या महिन्यात कळलं की मी सचिव झालोय पण झालेलो नाही. म्हणजे बघा, आमचा संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला आहे, त्याला निदान सात माणसं लागतात, तेवढी कशीबशी होती. आणि महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात पण नोंदवावी लागते. तिथे नियम असा की कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, तो मंजूर झाला की तुमचं नाव रजिस्टरवर चढतं. आता आमच्या आधीच्या कार्यकारिणीचा रिपोर्टच अडकलेला. चूक शंभर टक्के आमचीच. त्या वेळच्या सहसचिवांनी राजीनामा एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलेला, आणि पत्रिका कुणीतरी लग्नाला जाताना हॉलचा पत्ता बघायला म्हणून घेऊन गेलं. तो रिपोर्ट पुढे सरकेना, म्हणून त्याच्यामागे माझा उभा. एसटीच्या रिझर्वेशनच्या रांगेसारखं.

म्हणजे रेकॉर्डवर सचिव अजूनही आमचे जुने फिजिक्सचे सर. ते आता बंगळुरूला मुलाकडे असतात. चेकवर सही त्यांचीच चालते, मग चेकबुक कुरिअरने बंगळुरूला जातं, रिकाम्या हाताने नको म्हणून सोबत भडंगाचं पाकीट, आणि चेक सही होऊन परत येतात. एकदा मांडववाल्याचे साडेतीन हजार द्यायला कुरिअर आणि भडंग मिळून चारशे दहा रुपये गेले. खजिनदारांनी ते "सही खर्च" म्हणून लिहिले. ऑडिटरने त्या दोन शब्दांखाली लाल रेघ मारून नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

यादीचं काम तर विचारूच नका. डिरेक्टरी काढायची असं ठरलं (कुणी ठरवलं? ठरलं. संघात सगळं आपोआप ठरतं आणि माझ्या मोबाईलवर येतं). मुलं सापडतात. मुली सापडत नाहीत, कारण आमच्याकडे लग्नात आडनाव बदलतं, नवऱ्याचं नाव मधे येतं, आणि काही घरांत पहिलं नाव पण तांदळात बोटाने नवीन लिहितात, म्हणजे मूळ माणसाचा काही पुरावाच शिल्लक राहत नाही. १९९४ च्या बॅचची एक "पाटील एस. आर." शोधायला मी चार रविवार घालवले. आमच्या जिल्ह्यात पाटील एस. आर. शोधायची म्हणजे कोथरूडमध्ये जोशी शोधण्यासारखं आहे. तीन चुकीच्या पाटलांना फोन झाले, त्यातल्या एकीने मला इन्शुरन्सवाला समजून झापलं, दुसरीने मुलासाठी स्थळ आहे का विचारलं. शेवटी मीटिंगमध्ये वैतागून मोठ्याने नाव घेतलं तर खजिनदार चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अहो ती आमची ही."

"मग एवढे दिवस बोलला का नाही सर?"

"तुम्ही पाटील म्हणत होतात. मला कुठे लक्षात राहतंय."

बॅचच्या ग्रुपवर का नाही मग वहिनी? तर होत्या, पण नवरा रोज सकाळी साडेपाचला सुविचार टाकतो म्हणून बाहेर पडल्या.

मग पैसे. आमच्या संघाची गरजू मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, ते एक काम खरंच बरं चालतं, त्यासाठी मी कुणाच्याही पाया पडतो. ग्रुपवर आवाहन टाकलं की पहिल्या दहा मिनिटांत चाळीस जणांचे जोडलेले हात येतात आणि पैसे एकाचे. जो ५०० रुपये देतो त्यालाच टॅक्समध्ये सूट मिळवायची ८०जी ची पावती पाहिजे असते, त्याला पॅन विचारला की म्हणतो "कशाला, फ्रॉड तर नाही ना?" जो रोख पाच हजार घेऊन येतो त्याला सांगावं लागतं की दोन हजारांच्या वर रोख दिले तर टॅक्समध्ये सूट नाही, तर तो पाकीट परत खिशात घालतो आणि दोन हजार पण देत नाही. मे महिना आला की ३१ तारखेच्या आत सगळ्या देणगीदारांची माहिती दहा बीडी नावाच्या फॉर्ममध्ये भरायची, मी हे हापूस खायच्या दिवसांत रात्री बारा वाजता करत बसतो आणि बायको दारात उभी राहून विचारते, "पगार किती देतात?"

सगळ्यात अवघड म्हणजे अमेरिकेतला मित्र. त्याने ग्रुपवर जाहीर केलं, "फाइव्ह हंड्रेड डॉलर्स फ्रॉम माय साइड." टाळ्या, फुलं, फटाके, "तू खरा मित्र" वगैरे. आणि मला विचारावं लागलं की बाबा तू सिटिझन झालास का? कारण भारतीय पासपोर्ट असेल तर त्याचे स्वतःचे पैसे चालतात, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो कायद्याने परदेशी स्रोत, मग संघाला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नाहीतर आधी परवानगी लागते, आणि नोंदणी झाली तरी पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच ठरलेल्या मेन ब्रँचच्या खात्यात घ्यावे लागतात. आमच्या संघाचं खातं एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत आहे. मी आपलं नाजूकपणे विचारलं, "पासपोर्ट कुठल्या रंगाचा आहे रे?" तो म्हणाला निळा. मग मला कळलं की दोन्ही निळेच असतात. शेवटी सरळ विचारलं तर तो दुखावला, म्हणाला वीस वर्षांनी तू मला परका म्हणालास. पैसे नाही आले. आता सुविचार टाकतो, तो पण तिकडच्या वेळेने, म्हणजे आपल्या रात्री अडीचला.

रक्तदान शिबिर मात्र माझ्याच डोक्यातून निघालं, दोष कुणाला देता येत नाही. बासष्ट माजी विद्यार्थ्यांनी नावं दिली. रक्तदात्याचं वजन निदान ४५ किलो लागतं, त्यात आमची बॅच डिस्टिंक्शनमध्ये पास. पण हिमोग्लोबिन साडेबारा पाहिजे, बीपी पाहिजे, आणि पन्नाशीच्या माणसांना एका हॉलमध्ये तीस वर्षांनी भेटवलं की बीपी जागेवर राहत नाही, त्यातून कॉलेजमधली ती समोरच नोंदणीच्या टेबलावर बसलेली. एकाचा १६० लागला. डॉक्टर म्हणाल्या, जरा शांत बसा, परत बघू. तो शांत बसला, तिकडेच बघत. परत १७०. एक तरुण माजी विद्यार्थी धडधाकट आला तर त्याने आदल्याच आठवड्यात दंडावर टॅटू काढलेला, तोही बाद. दुपारपर्यंत नऊ बाटल्या. शेवटी एनएसएसची पोरं धावून आली, त्यांच्यामुळे रक्तपेढीची गाडी रिकामी गेली नाही. बाद झालेल्यांनी मात्र बिस्किटं आणि केळी मनापासून खाल्ली.

मी गेल्या सभेत राजीनामा दिला. टाइप करून, चांगल्या कागदावर, लग्नपत्रिकेवर नाही. अध्यक्षांनी चष्मा लावून वाचला आणि प्रेमाने परत केला. "हा घेता येत नाही. रेकॉर्डवर तुम्ही अजून आलेलाच नाही. जाणार कुठून?"

आणि त्यात नॅक आलं. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था, तिचं मूल्यांकन तेव्हा हजार मार्कांचं होतं, त्यात माजी विद्यार्थ्यांना दहा मार्क, आणि त्यांना संघ "नोंदणीकृत" लागायचा. एरवी आम्हाला ऑफिसच्या मागची स्टोअररूम, पण त्या आठवड्यात आम्हाला टेबल, टेबलक्लॉथ आणि नावाची पाटी. प्राचार्य सरांनी आधी आमचा क्लास घेतला. "खरं बोला. पण चांगलं बोला." अध्यक्षांनी दोन वेळा विचारलं की दोन्ही एकदम का.

नॅककडून तपासायला आलेल्या पीअर टीममध्ये तीन जण, सगळे दुसऱ्या राज्यांतले. त्यातल्या एका वयस्कर सरांनी फाईल चाळली, पाटी बघितली, फाईल परत बघितली आणि मला इंग्रजीत विचारलं, सेक्रेटरी म्हणून इथे दुसरंच नाव दिसतंय, तुम्ही कधीपासून आहात? प्राचार्य सर खिडकीबाहेर बघायला लागले. मला घाम फुटला. मी चांगलं बोलायला गेलो आणि तोंडातून खरं आलं, वडा, कोरम, जावई, लग्नपत्रिका, भडंग, सगळं, तेही माझ्या इंग्रजीत. लग्नपत्रिकेला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, हाताने चौकोन काढून दाखवला.

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं गेले दहा मार्क. ते हळूच पुढे झुकले आणि हिंदीत म्हणाले, "मैं अपने कॉलेज में ग्यारह साल से ट्रेजरर हूँ. मैं भी सिर्फ चाय पीने गया था."

मग त्यांनी आणखी एक वडा घेतला आणि आमच्या खजिनदारांना विचारलं, तुमचं दहा बीडी कोण भरतं? खजिनदारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सरांनी तिथेच माझा नंबर घेतला. तेव्हापासून मे महिन्यात त्यांचे पण फोन येतात.