कॉमन रेल काढून जुना पंप बसवा म्हणे! त्या मेसेजमधला एकेक दावा

सध्या ट्रकमालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: बीएस-४ टिपरची कॉमन रेल सिस्टीम (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी यंत्रणा) आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) काढून टाका, भंगारातल्या जुन्या गाडीचा इनलाइन पंप (जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल डिझेल पंप) बसवा. साठ-सत्तर हजारांत काम होते, लिटरमागे किलोमीटरभर अ‍ॅव्हरेज वाढते, सेन्सरची कटकट जाते, कसलेही डिझेल चालते. टायमिंग, म्हणजे डिझेल मारायचा क्षण, चांगला मेस्त्री कानाने लावतो. गव्हर्नरचे (पंपावरचा, डिझेल आणि वेग आवरणारा भाग) सील तोडून स्क्रू दोन आटे फिरवला की घाटात गाडी कुठे अडत नाही. इंजिन नंबर तोच राहतो, म्हणून आरटीओचा संबंध येत नाही. फार तर नोटरीकडून एक प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

माझ्या मेव्हण्याने हे वाचून उसगावच्या बाजूला पंप शोधायला सुरुवात केली. म्हणून लिहायला बसलो.

आधी जिवावर बेतणारा मुद्दा. गोव्यात भंगारातला पंप म्हणजे बहुधा खाणबंदीत उभ्या राहिलेल्या टिपरचा पंप. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. डिचोली, पिसुर्ले, धारबांदोडा, सावर्डे या पट्ट्यात कितीतरी गाड्यांनी एकामागून एक पावसाळे उघड्यावर काढले. टाकीत पाणी साचते, डिझेलबरोबर पंपात उतरते आणि प्लंजर-बॅरलला (डिझेल दाबणारा दट्ट्या आणि त्याची नळी) गंज धरतो. या दोघांमधली फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते, तिथे गंजाचा एक ठिपकाही खूप झाला. प्लंजर अडकला की त्याला फिरवून डिझेल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी, म्हणजे रॅकही अडकते. आणि बंद पंपात रॅक बऱ्याचदा स्टार्टिंगच्या जागी असते, कारण गव्हर्नरची स्प्रिंग तिला तिकडेच ढकलते. ती जागा जास्तीत जास्त डिझेल सोडणारी. तिथे रॅक चिकटलेली असताना कोणी स्टार्टर मारला, तर इंजिन पेटताक्षणी रेस होत सुटते. किल्ली फिरवून उपयोग नाही, या पंपाला विजेची गरजच नसते. स्टॉप केबल ओढूनही उपयोग नाही, कारण ती ओढते रॅकलाच. २,५०० आरपीएमच्या आसपास चालायला बांधलेले इंजिन काही सेकंदांत त्याच्या फार पुढे जाते. व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात, पुशरॉड वाकतात, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. आणि कॅब उचलून शेजारी मेस्त्री आणि क्लीनर उभे असतात.

त्यामुळे जुना पंप, तो त्याच मॉडेलच्या गाडीला रीतसर बसवायचा असला तरी, थेट इंजिनावर चढवायचा नाही. रॅकच्या टोकाची टोपी काढून रॅक हाताने पुढे-मागे सरकवून पाहायची. कुठेही अडखळली तर पंप आधी उघडायचा. मग टेस्ट बेंचवर ४० अंशांच्या कॅलिब्रेशन ऑइलवर सहाही सिलिंडरच्या लाइनची डिलिव्हरी हजार स्ट्रोकमागे मोजून घ्यायची आणि आकडे कागदावर मागायचे. पहिला स्टार्ट मारताना इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या तोंडावरचा होज काढून ठेवायचा आणि ते तोंड पूर्ण झाकेल अशी जाड फळी एका माणसाच्या हातात द्यायची. इंजिन सुटले तर हवा तोडणे एवढाच खात्रीचा मार्ग उरतो. हात किंवा फडके लावायचे नाही, टर्बो ते आत ओढून घेतो.

सील तोडण्याचा सल्ला याच जातीचा. मेसेज लिहिणाऱ्याला गव्हर्नरवर दोन वेगळे स्क्रू असतात हेही माहीत नसावे, कारण तो नुसते 'स्क्रू' म्हणतो. एक फुल-लोडला किती डिझेल जायचे ते ठरवतो, दुसरा जास्तीत जास्त आरपीएम. पहिला फिरवला की डिझेल वाढते, पण हवा तेवढीच राहते. जळायचे राहिलेले डिझेल काळ्या धुरातून बाहेर पडते, आणि थोडे लायनरवरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचा) ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर हेच चालले आहे असे समजा. चोर्ला घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढत असताना एक्झॉस्टचे तापमान वाढत राहते. पिस्टनचे डोके वितळू लागते, मॅनिफोल्डला आणि टर्बोच्या हाउसिंगला तडे जातात. दुसरा स्क्रू फिरवला तर एका वेगानंतर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमच्या वेगाला पुऱ्या पडत नाहीत. शिवाय डंपरला ताशी ६० किलोमीटरची वेगमर्यादा नियमानेच आहे, आणि ज्या गाडीत ती ईसीएममधून लावलेली असते तिथे ईसीएमबरोबर तीही जाते.

आता 'पंप बसवा' या दोन शब्दांत काय काय येते ते पाहा. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप फक्त रेल भरतो. डिझेल कधी आणि किती मारायचे ते ईसीएम ठरवतो आणि इलेक्ट्रिक इंजेक्टर ते मारतात. त्या पंपाला इंजिनाशी टायमिंग सहसा जुळवावे लागत नाही. इनलाइन पंपाला दोन्ही कामे करावी लागतात. क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत, १-५-३-६-२-४ या फायरिंग ऑर्डरने, प्रत्येक सिलिंडरला नेमक्या क्षणी डिझेल द्यायचे. म्हणजे योग्य गिअर, पुढचे हाउसिंग, सहा मेकॅनिकल इंजेक्टर, सारख्या लांबीचे सहा हाय प्रेशर पाइप, फीड पंप, पंपाला ऑइल नेणारी आणि परत आणणारी लाइन, स्टॉपची व्यवस्था, आणि पेडलपासून पंपापर्यंतची लिंकेज, कारण मूळ पेडल इलेक्ट्रॉनिक आहे.

एवढे जमवले तरी मेकॅनिकल इंजेक्टर कॉमन रेलच्या हेडमध्ये नीट बसत नाहीत, सीट आणि भोक वेगळे असते. हेड बदलले तर पिस्टन राहतो. पिस्टनवरचा खळगा नोझलची भोके किती आणि त्यांचा कोन काय, हे धरून केलेला असतो. रेलमध्ये १,६०० बारपर्यंत दाब असतो, त्यामुळे डिझेलचे अगदी बारीक थेंब होतात. मेकॅनिकल नोझल साधारण २०० ते २६० बारला उघडतो आणि पाइपमधला दाब रेलइतका चढत नाही. जाड थेंबांची फवारणी चुकीच्या कोनात गेली की ती खळग्याच्या काठावर आणि लायनरवर आपटते. थोडक्यात हेड आणि पिस्टन बदलल्याशिवाय हे इंजिन धड चालत नाही, म्हणजे हे हाफ इंजिनचे (अर्धे इंजिन नव्याने बांधायचे) काम झाले. साठ-सत्तर हजारांचा हिशेब कोणीतरी फक्त पंपाच्या किमतीवर मांडला आहे.

टायमिंग कानाने लावतात हे वाचून चीड येते, कारण चांगले मेस्त्री तसे कधी करत नाहीत. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून इंजेक्शनच्या खुणेवर ठेवायचा, एक नंबर लाइनचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढायची, वाकडी नळी लावायची, हँड प्रायमरने डिझेल द्यायचे आणि पंप सावकाश फिरवायचा. धार तुटून थेंब पडू लागले की तो डिझेल मारायला सुरुवात होण्याचा बिंदू. काही पंपांना डायल गेजने प्लंजरची लिफ्ट मिलिमीटरमध्ये मोजतात. पंप निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पंपावरची एक अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. टायमिंग पुढे गेले तर ठोके, वाढलेला दाब आणि गेलेले हेड गॅस्केट. मागे राहिले तर थंडीत पांढरा धूर, तापलेला एक्झॉस्ट आणि मेलेला पिकअप. कमिन्सच्या ६बीटी इंजिनावरचा पी-टाइप पंप असेल तर गिअर चावीशिवाय नुसत्या टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर) बसतो. टेपर आणि गिअरचे भोक थिनरने पुसून पूर्ण कोरडे करायचे आणि नट टॉर्क रेंचने १९५ न्यूटन-मीटरला घट्ट करायचा. ऑइलचा हात लागला असेल किंवा नट अंदाजाने ओढला असेल, तर भर घाटात गिअर टेपरवर सरकतो आणि टायमिंग जाते. पंपाची टायमिंग पिन आत विसरून स्टार्टर मारला तर पिन तुटते, तीही चूक नेहमीची.

कायद्याचे तर मेसेजमध्ये सगळेच उलटे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ स्पष्ट सांगते की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलाला, सुटे भाग रेट्रोफिट करण्यासकट, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. इंजिन नंबर तोच राहिला तरी गाडी बीएस-४ उरत नाही. धुराच्या तपासणीत धूर किती दाट आहे ते मोजतात. त्यात बीएस-४ डिझेलची मर्यादा मीटरमागे १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. बीएस-४ ची कागदपत्रे असलेल्या गाडीला जुन्या मर्यादेची सवलत मिळत नाही. कलम १९०(२) खाली प्रदूषणासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे वेगळे, आणि लायसन्स तीन महिने बाद. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढे सांगतो. आरसीवर एक अक्षर बदलायचा अधिकार त्याला नाही. उलट ते प्रतिज्ञापत्र म्हणजे तुम्ही स्वतः दिलेली कबुली. अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा अडवायला हेच पुढे करेल.

सेन्सरच्या कटकटीत तथ्य आहे, ते नाकारत नाही. इनलाइन पंप तालुक्याच्या गावी उघडून दुरुस्त होतो, कॉमन रेलचे इंजेक्टर महाग आहेत आणि पाण्याचा थेंबही त्यांना खपत नाही. पण सेन्सर गेला म्हणून येणाऱ्या पुष्कळ गाड्यांत सेन्सर ठीक असतो. डिझेलमधले पाणी वेगळे करणारा वॉटर सेपरेटर कित्येक आठवडे रिकामा केलेला नसतो, फिल्टर नकली असतो, ईसीएमची अर्थिंगची वायर ढिली असते किंवा खाऱ्या दमट हवेने रेल सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज आलेला असतो. पावसाळ्यात सेपरेटरमधले पाणी रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी सोडा. स्टार्ट होत नसेल तर स्कॅनरवर स्टार्टर मारताना रेलचा दाब पाहा. साधारण २०० बारच्या खाली राहिला तर ईसीएम बहुधा इंजेक्टर उघडतच नाही. मग सहाही इंजेक्टरचे रिटर्न पाइप एकेका सारख्या मोजनळीत सोडा. ज्याची नळी इतरांच्या खूप आधी भरते तो इंजेक्टर गळतो, तेवढाच बदला. चालू इंजिनावर हाय प्रेशर नट सैल करू नका. जुन्या पंपावर लाइन सोडून हवा काढायची सवय असते, इथे तीच धार कातडी भेदून आत जाते.

अ‍ॅव्हरेजचा दावा: डिझेल कमी सोडले की ताकद कमी होते आणि रिकाम्या परतीच्या फेरीत आकडा चांगला दिसतो. तोच रस्ता, तेच वजन, फुल टाकी ते फुल टाकी मोजा, मग बोलू. 'कसलेही डिझेल' म्हणजे रॉकेल असेल तर ती भेसळ गुन्हा आहे, आणि प्लंजरला वंगण डिझेलचेच असते, म्हणून इनलाइन पंपही त्याने झिजतो.

इंजिन खरेच संपले असेल तर त्याच मेकचे, त्याच टाइपचे इंजिन बसवायला मार्ग खुला आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओत अर्ज करून मंजुरी घ्या. इंजिनाचे बिल हवे. दुसऱ्या गाडीतले असेल तर त्या गाडीची कागदपत्रे आणि ते चोरीचे नाही याची खात्री हवी. हप्ते चालू असतील तर फायनान्सवाल्याची लेखी संमती घ्या. बदल झाल्यापासून १४ दिवसांत आरसी घेऊन कळवा, गाडी दाखवा आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. ब्लॉकवर ठोकलेला नंबर घासलेला दिसला तर ते इंजिन कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नका.