बेघर माणसाने आजारी पडताना घ्यावयाची काळजी

सोलापुरात बेघर होऊन आजारी पडण्याचा आपला विचार असेल, तर सर्वप्रथम एक घर घ्यावे. केसपेपरच्या खिडकीपासून औषधाच्या खिडकीपर्यंत आपल्याला जे जे विचारले जाणार आहे, त्याची उत्तरे घरातच ठेवलेली असतात. पत्ता घराचा असतो, शिधापत्रिका घराची असते, ‘बरोबर कोण आलंय?’ या प्रश्नाचे उत्तर घरूनच आलेले असते आणि ‘जेवणानंतर एक गोळी’ या सूचनेतले जेवणही तिथेच शिजते.

कायद्याबद्दल मात्र तक्रार करू नये. तो आपल्या बाजूने इतका आहे की आपल्यालाच संकोच वाटावा. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 18 प्रमाणे मानसिक आजार असलेल्या निराधार किंवा बेघर माणसाला शासन चालवते किंवा ज्यांना शासन पैसा पुरवते अशा सर्व मानसिक आरोग्य संस्थांत उपचार मोफत मिळाले पाहिजेत. दारिद्र्यरेषेखालील माणसाकडे त्याचे कार्ड असो वा नसो, त्यालाही तोच हक्क आहे. हा मजकूर तोंडपाठ करून ठेवावा, कारण ज्या खिडकीवर तो उपयोगी पडायचा, तिथे बसलेल्या माणसाने तो वाचलेला असेलच असे नाही. छापील प्रत जवळ बाळगण्याचा मोह टाळावा. सोलापुरात पाऊस बेताचा असल्याने ती भिजणार नाही हे खरे; परंतु रात्री उशाशी ठेवलेली वस्तू सकाळी उशाशीच सापडेल, अशी हमी कोणत्याही कलमात दिलेली नाही.

याच कायद्याचे कलम 100 अधिक नाजूक असून त्याचा लाभ घेण्यासाठी थोडा सराव लागतो. हद्दीत भटकणाऱ्या एखाद्या माणसाला मानसिक आजार आहे आणि तो स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे, असे मानण्यास पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला कारण असेल, तर त्याने त्या माणसाला संरक्षणात घ्यावे, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे, कोठडीत अजिबात ठेवू नये, आणि बेघर असल्यास हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा, असे हे कलम सांगते. तेव्हा आपले मन नेमके किती बिघडू द्यायचे, हे आधी ठरवून घ्यावे. नुसते रेल्वे स्टेशनाबाहेर गुडघ्यांत मान घालून महिनाभर गप्प बसलात, तर ‘बिचारा कुणाला त्रास देत नाही’ असे प्रशस्तिपत्र मिळेल आणि तिथेच विषय संपेल. त्याउलट दगड उचललात, तर निराळाच कायदा लागू होईल. या दोन टोकांच्या मधोमध, भर चौकात, ड्युटी बदलण्याची वेळ टाळून, माफक आवाजात असंबद्ध बोलावे.

इतके करूनही जमले नाही, तर 14416 हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक आहेच. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली ही सेवा दिवसरात्र आणि मोफत आहे. फोन आणि त्याचे चार्जिंग तेवढे आपले आपण पाहावे.

शरीराच्या आजारासाठी प्रशासनाची रचना समजून घेणे हिताचे असते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, आणि सोलापूरकर ज्याला प्रेमाने ‘सिव्हिल’ म्हणतात ते 1963 साली सुरू झालेल्या महाविद्यालयाशी जोडलेले आहे. म्हणून चक्कर येऊन पडण्यापूर्वी विभागाचा विचार करावा. एक गोष्ट मात्र गंमत बाजूला ठेवून सांगतो: अशा रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचे पद असते, आणि ज्याच्याजवळ पैसा नाही, ज्याच्यामागे कुणी नाही, त्याच्या शुल्कमाफीचा व पुढच्या सोयीचा मार्ग बहुधा याच टेबलावरून जातो. हे टेबल कुठे आहे ते सुरक्षारक्षकाला विचारू नये. वॉर्डातल्या मावशींना विचारावे.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्गही खुला आहे. त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखायच्या असतात. निर्धन म्हणजे ज्याचे वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजार रुपयांपर्यंत आहे तो. आपल्याजवळ काही नाही, हे सिद्ध करण्यासाठी काहीतरी जवळ असावे लागते, उदाहरणार्थ तहसीलदारांचा दाखला; आणि दाखल्याच्या अर्जावर पुन्हा पत्त्याचा रकाना आहेच.

आता व्यसनाकडे वळू. महाराष्ट्रात दारू पिण्यास परवाना लागतो आणि कायद्याच्या भाषेत तो आरोग्याच्या जतनासाठी व संवर्धनासाठी दिला जातो. देशी दारूचा एक दिवसाचा परवाना 2 रुपयांत मिळे, आणि त्यासाठी बरोबर नातेवाईक आणा असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. ती सोडायची झाली, तर मात्र नातेवाईक लागतो. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणजे निश्चय फुटपाथवर करावयाचा नसून वॉर्डात करावयाचा आहे: आधी खाट, मग निश्चय. आणि खाटेसाठी ‘रात्री पेशंटजवळ कोण थांबणार?’ हे आधी सांगावे लागते. सल्ला म्हणून इतकेच म्हणेन की घर सोडताना एखादा भाऊ बरोबर घ्यावा.

आपल्याकडे रात्री कुणीच येत नाही, असे मात्र समजू नये. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायचे असेल, तर पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो का, हे पाहायला निवडणुकीचा कर्मचारी रात्री स्वतः येतो. ही तरतूद वाचली तेव्हा मला भरून आले होते. त्याच कर्मचाऱ्याच्या खिशात चार गोळ्या देता येतील का, असा एक बालिश विचारही डोकावून गेला.

गेल्या उन्हाळ्यात पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराबरोबर मी एका दवाखान्यात गेलो होतो. कामगार म्हणजे पूर्वीचा. आता तो एका बंद दुकानाच्या फळीवर झोपतो. तुटलेल्या धाग्याची गाठ डोळे मिटून मारणारी त्याची बोटे दुधाच्या रिकाम्या पिशवीतून केसपेपर बाहेर काढताना इतकी कापत होती, की मागच्या माणसाने ‘आवरा की ओ’ म्हटले. केसपेपर आठ घड्यांचा होता आणि घड्यांवर डॉक्टरांचे अक्षर पुसून गेले होते, त्यामुळे नवा काढणे आले. नाव झाले, वय अंदाजे झाले. पत्त्यापाशी तो माझ्याकडे पाहू लागला आणि मी खिडकीकडे.

‘तुम्ही यांचे कोण?’ कारकुनाने मला विचारले.

‘शेजारी,’ मी म्हणालो. फळीच्या वरच्या मजल्यावर माझे घर असल्याने ते खोटे नव्हते.

त्याने लेखणी थांबवून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ‘शेजारी आहात, मग यांचा पत्ता सांगायला काय झालं?’