चिकटवणारा काका नसेल तर?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मजकूर मला पाच ग्रुपमधून आला. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, मावसभावाचा 'फक्त कामाचं' नावाचा ग्रुप, सगळीकडे तोच. थोडक्यात असा: 'मुंबईत काम नाही म्हणणारा खोटारडा. प्रत्येक दुकानावर मुलं पाहिजेत असा बोर्ड आहे. बाहेरून आलेला पोरगा दुसऱ्या दिवशी कामाला लागतो आणि आपली पोरं ट्रेनिंग सेंटरच्या पंख्याखाली बसून सर्टिफिकेटं गोळा करतात. स्टायपेंड संपला की परत घरी. शिकवून कुणी कामाला लागत नसतो, गरज पडली की आपोआप लागतो. आणि हे सगळं आमच्या टॅक्सच्या पैशावर.' खाली तीन हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला पटलं नाही. मी गोवंडीच्या एका ट्रेनिंग सेंटरवर सहा वर्षं प्लेसमेंटचं काम बघतोय, म्हणजे माझा पगार याच धंद्यातून येतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कुणीतरी लिहिणारच.

'प्रत्येक दुकानावर बोर्ड आहे.' आहे, खरंच आहे. पण तो कधी शेवटपर्यंत वाचलाय का? आमच्या स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर मी एकदा चहा पिता पिता वाचत गेलो. कपड्याच्या दुकानाला 'अनुभवी' हवा, वेळ सकाळी दहा ते रात्री दहा. मेडिकलवाल्याला मुलगा हवा, पण गाडी स्वतःची. डिलिव्हरीला लायसन, अँड्रॉइड फोन, पॅन आणि बाईक. सिक्युरिटीला पोलीस व्हेरिफिकेशन, म्हणजे गावचा पत्ता, आत्ताचा पत्ता आणि ज्याच्या खोलीत राहतो त्या मालकाचा कागद. तो कागद द्यायला मालक तयार नसतो, कारण भाडं तो रोखीत घेतो. काम आहेच. दोन पोरं घरी असलेल्या बाईला आणि ज्याचं नाव कुठल्याच भाडेकरारावर नाही अशा पोराला ते नाही, एवढंच.

कागदांचं एक सांगतो, कारण बाहेरच्यांना हे अजिबात दिसत नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. नोकरीला लागताना ही नावं एकमेकांशी जुळावी लागतात. नाही जुळली की एचआरमधली मुलगी गोड आवाजात सांगते, 'करेक्शन करून घ्या, मग या.' मग गॅझेट, मग आधार केंद्र, मग बँक, आणि या प्रत्येक फेरीला एक दिवसाची रोजी बुडते. तोवर त्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलेलं असतं. यात आळस नेमका कुठल्या टप्प्याला आला?

'बाहेरून आलेला दुसऱ्या दिवशी कामाला लागतो.' या वाक्यावर मला जास्त बोलायचंय.

लागतो, कारण तो एकटा आलेला नसतो. गाववाला आधीच त्या गाळ्यात काम करत असतो. झोपायची जागा, मेसचा डबा, पहिल्या महिन्याची उचल, शेठशी ओळख हे सगळं गाडीत बसण्याआधी ठरलेलं असतं. पहिले पंधरा दिवस तो नुसता हाताखाली असतो, बघतो, शिकतो. याला ट्रेनिंग नाही तर काय म्हणायचं? वर प्लेसमेंटही आहे आणि हॉस्टेलही. फक्त बाहेर पाटी लावलेली नाही.

आणि हे काय आपल्याला नवीन आहे? गिरणगावात आपले आजोबा कसे लागले? कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा, खानावळीतल्या बाईकडे उधारीवर जेवायचा आणि गाववाल्याच्या वशिल्याने जॉबरपुढे, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमापुढे, उभा राहायचा. आधी बदली कामगार, मग कायम. 'काकांनी लावून दिलं' हे वाक्य लालबाग-परळच्या प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्यांबरोबर ही साखळीही गेली. नोकऱ्या गेल्याचं आपण अजून बोलतो. लावून देणारा काका गेला, त्याचं कुणी बोलत नाही. आज त्याच चाळीतल्या नातवाला मॉलमधल्या दुकानाच्या मॅनेजरपर्यंत नेणारं ओळखीचं कुणी नाही. मॉल मात्र आजोबांच्या गिरणीच्याच जागेवर आहे.

मराठीत नोकरीसाठी आपला शब्दच बघा ना: 'कुठेतरी चिकटवा त्याला.' चिकटणं नाही, चिकटवणं. म्हणजे दुसरा माणूस लागतोच, हे भाषेने कधीच मान्य केलंय. ज्या गृहस्थांनी हा मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्यांनी गणपतीच्या आधी मला वेगळा मेसेज केला होता. भाचा बी.कॉम. झालाय, 'बघा ना काही.' मी बघितलं. लागला तो. त्याला कुणी फुकटचं म्हटलं नाही, ती ओळख झाली.

आमच्यासारख्या सेंटरचं खरं काम एवढंच आहे. ज्याला काका नाही त्याचा काका व्हायचं. टॅली शिकवणं, रिटेल शिकवणं, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' घोटून घेणं हा त्यातला सोपा भाग.

'शिकवून कुणी कामाला लागत नसतो.' यावर आधी एक पाहणी. दिल्लीत पुष्कर मैत्र आणि सुभा मणी या अर्थशास्त्रज्ञांनी गरीब वस्त्यांमधल्या बायकांच्या शिवणकामाच्या सहा महिन्यांच्या कोर्सचा अभ्यास केला. जागा चिठ्ठ्या टाकून दिल्या, म्हणजे हुशार तेवढ्याच निवडल्या असं म्हणायला वाव नाही. ज्यांना जागा मिळाली त्यांच्यात कामाला लागलेल्यांचं प्रमाण, जागा न मिळालेल्यांपेक्षा, शंभरामागे सहाने जास्त निघालं. जादू म्हणावी असा आकडा नाही, पण शून्यही नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: कोर्सपर्यंत न पोचण्याची कारणं. हातात पैसा नसणं, सेंटर लांब असणं, मूल सांभाळायला कुणी नसणं. आमच्या रजिस्टरमधला ड्रॉपआउटचा रकाना वाचल्यासारखंच वाटलं.

रकान्यातली एक नोंद अशी: 'पाणी.' एवढंच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. मुलगी बावीस वर्षांची, बॅचमध्ये पहिली. चकाल्याला एका ऑफिसात डेटा एंट्रीला लागली. गोवंडीहून कुर्ला, कुर्ल्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो. जॉइनिंगच्या आदल्या दिवशी हा प्रवास आम्ही तिच्याबरोबर एकदा करून बघतो, घड्याळ लावून. कारण पहिल्याच दिवशी उशीर झाला की पोरं लाजेने दुसऱ्या दिवशी जातच नाहीत. सगळं बसलं होतं. तीन आठवड्यांनी तिची शिफ्ट बदलली, दुपारी दोन ते रात्री दहा. त्यांच्या गल्लीत पाणी संध्याकाळी पाचला येतं, पाऊण तास. आई धुणीभांड्याला गेलेली, भाऊ नववीत, क्लासला. हंडे कोण भरणार? चौथ्या आठवड्यात ती घरी बसली. ऑफिसच्या कागदावर कारण आलं: 'नॉट इंटरेस्टेड'.

आम्ही काय केलं, तर सुपरवायझरला फोन केला. नुसता एक फोन. सकाळची शिफ्ट रिकामी होती, कुणी विचारलंच नव्हतं. ती विचारायला घाबरली आणि ते विचारायला विसरले. ती अजून तिथेच आहे, आता दुसऱ्यांना शिकवते.

मुलांचंही तेच. अंगणवाडी काही तासांची, पालिकेची शाळा सकाळ नाहीतर दुपार, आणि आठ तासांची नोकरी या दोन्हींत बसत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आमच्या बायका लागतात ती दुकानं सात-आठ माणसांची. त्यांच्यासाठी कायदा कोपऱ्यावरूनच वळून जातो.

'गरज पडली की आपोआप लागतो.' हे मात्र शंभर टक्के खरं. म्हणूनच सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत २०२३-२४ मध्ये एकूण बेरोजगारी ३.२ टक्के एवढीच दिसते. गरिबाला बेरोजगार राहणं परवडतच नाही. तो नाक्यावर उभा राहतो, केटरिंगला वाढायला जातो, गणपतीत मंडप बांधतो, दिवाळीला पार्सलं उचलतो. त्यामुळे आमच्याकडे येणारे रिकामे नसतातच. त्यांना नाक्यावरून पगारपत्रकावर यायचं असतं. ते आपोआप होत नाही, गरज कितीही पडली तरी.

'स्टायपेंड संपला की घरी.' इथे त्या मजकुराच्या हाताला अर्धं सत्य लागलंय. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीधराला दहा. आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा. बारावीवाल्याला दिवसाला दोनशे रुपये पडले. त्यात प्रवास, डबा आणि घरी दिलेले पैसे वजा करा आणि मग पंख्याखालच्या ऐशीचा हिशोब मला सांगा. पण अकरा महिन्यांनंतर पुढची पायरी कुठे आहे, हा प्रश्न रास्त आहे. घरी जाणारा पोरगा आळशी म्हणून जात नाही, त्याला पुढे न्यायचं कुणी ठरवलेलंच नसतं म्हणून जातो.

आणि बोगस सेंटरं आहेत, हेही कबूल. हजेरीपुरती आणलेली पोरं, झेरॉक्स मारलेली ऑफर लेटरं मी डोळ्यांनी पाहिलीत. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेच्या नोंदींवर सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनेही बोट ठेवलंय: बहुतेक उमेदवारांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्यं, नाहीतर काहीच नाही. चिडायचं तर यावर चिडा. सेंटरला विचारा, की सहा महिन्यांनी तुमच्या बॅचमधले किती जण त्याच किंवा बऱ्या कामावर आहेत? आमच्याकडे हा आकडा मिरवण्यासारखा दरवेळी नसतो.

राहिला टॅक्स. पगारपत्रकात दर महिन्याला कापले जाणारे दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, तो व्यवसाय कर. १९७५ मध्ये तो सुरू झाला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, 'मागेल त्याला काम'. म्हणजे शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या बिनकामाच्या माणसासाठी काही भरावं, हे या राज्यात पन्नास वर्षांपूर्वीच ठरलंय. मुंबईतल्या पोराला मात्र ती हमी कधी नव्हती.

आमच्या सेंटरच्या कपाटात काळ्या बुटांचा एक जोड आहे, आठ नंबरचा. इंटरव्ह्यूला फॉर्मल शूज लागतात आणि नोकरी लागून पहिला पगार हातात येईपर्यंत ते घ्यायला कुणाकडे पैसे नसतात. सात नंबरवाला पुढे कागद कोंबतो, नऊवाला बोटं मुडपून घालतो. चार वर्षांत त्या बुटांनी किती इंटरव्ह्यू दिले, मोजलेले नाहीत. मागच्या महिन्यात टाच निघाली, मोच्याने साठ रुपये घेतले. बिल लावायला गेलो तर कुठल्याच योजनेत बुटांसाठी खर्चाचं हेड नाही. अकाउंटवाले म्हणाले, 'स्टेशनरीत टाका.'