काकांचं भुयार

सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक लेख येऊन पडला. तो माझाच आहे हे मला तिसऱ्या ओळीला कळलं. नाव छाटलेलं, तळाला ‘लेखक : अनामिक’, आणि मधोमध मी जन्मात न लिहिलेला एक परिच्छेद. पाठवणारे आमच्याच इमारतीतले काका. वर खास माझ्यासाठी टीप : ‘तुम्हीपण लिहिता ना? असं लिहीत चला.’

लेख कात्रजच्या नळावर होता. 1750 च्या सुमाराला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. आत माणूस उतरू शकेल एवढं दगडी बांधकाम, हवेसाठी जागोजाग उच्छ्वास, गाळ बसावा म्हणून वाटेत हौद. या गाळ बसवण्याच्या अकलेवर मी फार जीव लावून लिहिलं होतं. नेमकं तेच उडवलं होतं. त्या जागी : ‘याच गुप्त भुयारातून शिवाजी महाराजांचे मावळे घोड्यावरून पर्वती ते शनिवारवाडा ये-जा करीत.’

काका संध्याकाळी लिफ्टपाशी सापडले. मोबाइलवरची अक्षरं एवढी मोठी करून ठेवलेली, की एका ओळीत जेमतेम ‘शनिवारवाडा’ मावत होता.

“वाचलंत?”

“काका, तो माझाच लेख आहे.”

“छे! तुमच्यात भुयाराचं कुठं होतं?”

म्हणजे मूळ लेख गृहस्थांनी वाचला होता!

“नव्हतं, कारण भुयारच नव्हतं. तो पाण्याचा नळ. त्यात घोडा जायचा नाही.”

“त्या काळी घोडे लहान असत.”

“अहो, शनिवारवाड्याचा पायाच 1730 साली घातला. महाराज गेले 1680 ला.”

काकांनी चप्पल लिफ्टच्या दारात अडकवली. लिफ्ट कोकलायला लागली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे वाडा व्हायच्या पन्नास वर्षं आधी भुयार तयार! बघा, काय ती दूरदृष्टी!”

“पण पुरावा?”

“नसल्याचा आहे का तुमच्याकडे? आमचे आजोबा स्वतः आत गेले होते.”

“कुठपर्यंत?”

“आता अंधारात काय कळणार, कुठपर्यंत?”

तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी “लिफ्ट सोडा!” म्हणून ओरडलं. काकांनी पाय काढला नाही. त्यांना अजून सिंहगडापर्यंतचा फाटा सांगायचा होता.

पुण्यात प्रत्येक घरात भुयारात गेलेले एक आजोबा असतात. ते सगळे खरोखर आत गेले असते, तर लक्ष्मी रोडच्या आधी तिथंच एकेरी वाहतूक करावी लागली असती. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुना जलमार्ग निघाला, तेव्हाही बोलबाला ‘भुयार सापडलं’ असाच. जिथं देवालासुद्धा जिलब्या मारुती, उपाशी विठोबा अशी नावं ठेवून घ्यावी लागतात, तिथं नळाची काय कथा? 1773 साली नारायणरावांचा खून झाला. त्यांची ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी दर पौर्णिमेला ऐकू येते म्हणा, लेख डोळे झाकून खपतो. परवा लिफ्टमध्ये मलाही तसंच ओरडावंसं वाटत होतं, फक्त काकांपासूनच वाचायचं होतं.

पानशेतचंही तेच. 12 जुलै 1961 ला पाणी आमच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, हे सांगायला शंभर लोक तयार. धरण फुटल्यावर गावाला प्यायला पाणी कुठून मिळालं, हे कुणी विचारत नाही. फडके हौद म्हटलं की रिक्षावाला चौकात सोडतो. हौद कुठाय, असं विचारणारं गिऱ्हाईक त्याला अजून भेटायचंय.

मला खरी चीड नाव गेल्याची नाही. (आहे. पण ते सोडा.) एका सनावळीसाठी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात दुपार घालवायची, मोडीतला एक ‘ळ’ लागत नाही म्हणून डोकं धरून बसायचं, आणि काकांनी चहा निवायच्या आत घोडे घुसवायचे! शिवाय दुरुस्ती टाकली, तर ग्रुपवर आपण इतिहासद्रोही. मी टाकली. तिला एक अंगठा आला, तोही आमच्या घरातला. काकांच्या घोड्यांना जोडलेल्या हातांची रांग लागली. एका वहिनींनी तर भुयाराची सहल कधी काढताय, म्हणून विचारलं.

काल वर्तमानपत्रातून पुरवणीवाल्यांचा फोन आला. नळाच्या लेखाला म्हणे तुफान प्रतिसाद आहे.

“पण सर, घोड्यांचा भाग आमच्याकडं का नाही पाठवलात? बाहेर फिरतोय तो. आम्ही जागा केली असती.”

जागा! त्याच लेखातला हौदांचा निम्मा मजकूर यांनी ‘पेशवाई थाटाचे टू बीएचके’च्या जाहिरातीसाठी कापला होता. मी मागच्या दिवाळीपासूनच्या मानधनाचं विचारलं. ते हिशेब खात्याकडून निघालंय म्हणाले. कुठल्या भुयारानं, ते नाही सांगितलं.