निबंध लिहिला आणि सुटला?

पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे गाडीच्या अपघातानंतर सुरू झालेला एक मेसेज अजून ग्रुपवर फिरतोय. त्याचा सूर असा: पोरांनी गुन्हा करावा, निबंध लिहावा आणि घरी जावं, समाजसेवेची शिक्षा ही थट्टा आहे, असल्यांना एकदा तुरुंग दाखवा, सरळ होतील.

आधी निबंधाचं बघू. १९ मे २०२४ ला दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि काही तासांत अल्पवयीन आरोपीला जामीन मिळाला. त्यावरचा संताप रास्तच. पण ३०० शब्दांचा निबंध (हा मजकूरही साधारण तेवढाच भरेल) आणि वाहतूक पोलिसांसोबतचे १५ दिवस या जामिनाच्या अटी होत्या, शिक्षा नव्हे. तीन दिवसांत बाल न्याय मंडळानेच त्याला निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, पाठवलं. जूनमध्ये उच्च न्यायालयाने ती कोठडी बेकायदा ठरवली, तो निराळा विषय.

समाजसेवेचा आदेश मंडळाच्या चौकशीत मुलाचा दोष आढळल्यावर निघतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १८ सांगतं की हे काम संस्थेच्या किंवा मंडळाने नेमलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावं. नियमांनुसार मूल १४ वर्षांवरचं हवं. कामं कोणती? बागेची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, दिव्यांग मुलांना हातभार.

आता ‘तुरुंग दाखवा’. हा उपाय करून झालाय हो! १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी तिथे भेटीला आणलेल्या पोरांवर ओरडायचे, तुरुंगातल्या मारहाणीच्या गोष्टी सांगून घाबरवायचे. रटगर्स विद्यापीठाच्या जेम्स फिंकेनॉअर यांनी नंतर हिशेब मांडला. सहा महिन्यांत, तुरुंग पाहून आलेल्या ४६ पैकी १९ मुलांनी पुन्हा गुन्हा केला. न गेलेल्या ३५ पैकी फक्त ४ जणांनी. नमुना छोटा, मान्य. पण पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही कल तोच निघाला. भीती घरी येईपर्यंत विरते. वर मित्रांत ‘आपण आत जाऊन आलो’ म्हणत मिरवायला होतं, असं मला वाटतं.

याउलट ‘टीन आउटरीच’ हा तिकडचाच कार्यक्रम. त्याचा अभ्यास १९९७ मध्ये छापून आला: २५ ठिकाणची ६९५ मुलंमुली, कोण कार्यक्रमात जाणार हे सोडतीने ठरलेलं. ही शाळकरी मुलं होती, गुन्हा केलेली नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं. त्यांनी वस्तीत स्वयंसेवा केली आणि वर्गात बसून त्यावर मोठ्यांशी बोलली. नापास होणं, शाळेतून निलंबन, कोवळ्या वयातलं गरोदरपण, तिन्ही कमी झालं. नुसता झाडू हातात दिला असता तर हे झालं असतं का? मला शंका आहे. रोज कुणाला तरी आपली गरज आहे हे कळणं आणि त्यावर बोलायला कुणीतरी असणं, या दोन्ही गोष्टी लागतात.

मेसेजमध्ये खरं एवढंच, की हजेरीपुरतं काम थट्टाच ठरतं. मुलाला रुग्णालयाच्या कुठल्या वॉर्डात पाठवलं, तिथे त्याच्यासोबत कोण होतं, त्याच्यावर देखरेख ठेवणारे परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी त्याला किती वेळा भेटले, यावर भांडायचं असेल तर मी तुमच्या बाजूने आहे.